वसुधाला घर हवंय

२ डिसेंबर, मंगळवार

वसुधा आली. दोन मोठ्या बॅगा, एक लहान, आणि एक घोषणा!

बॅगांचं नवल नाही. टोरंटोला बर्फ पडायला लागलं की माझ्या नवऱ्याची, नंदकुमारची, ही धाकटी बहीण आमच्या कांदिवलीच्या घरी येते, ती होळीच्या तोंडावर परत जाते. मागची खोली तिची होते. इतर दिवसांत ती माझी असते — माझं टेबल, माझं शब्दकोडं, माझं बंद दार. आता हे सगळं लिहिते आहे ते स्वयंपाकघरात, वॉशिंग मशीनच्या झाकणावर वही ठेवून. मशीन फिरायला लागलं की अक्षर बिघडतं. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथा बघत्या तर बाकावर उभं केलं असतं.

घोषणा अशी — "वहिनी, किती वर्षं तुला त्रास द्यायचा? या खेपेला मी मुंबईत माझं स्वतःचं घर करणार. हिवाळ्यापुरतं. विकत घेऊ की भाड्याने, तेवढं तुम्ही दोघं सांगा."

"त्रास कसला!" नंदकुमार म्हणाला. ज्याने आजवर तिच्यासाठी पाण्याचा पेला भरलेला नाही, त्याला त्रास नसणारच.

माझ्या मनात मात्र चर्चच्या घंटा वाजत होत्या.

३ डिसेंबर, बुधवार

नाश्त्याला थालीपीठ. उद्या घावन हवेत. "तिकडे कोण करून घालतं गं वहिनी?" इकडे कोण घालतं ते विचारायचं राहून गेलं.

६ डिसेंबर, शनिवार

परेश नावाचा दलाल आला. केसांना जेल, हातात दोन फोन.

"आंटी, बाय करा, बाय! रेंट म्हणजे पाण्यात पैसा. महिना संपला, हातात काय? ठेंगा!"

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. हा गॅलरीत जाऊन तिथल्या गिऱ्हाइकाला सांगतोय — "शेठ, रेंटवर घ्या. बाय म्हणजे गळ्यात धोंडा! नळ तुटला, तुम्ही पळा. रेंटवाल्याला काय टेन्शन, यार?"

माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात गेली. लोकांनी मला पेटलेल्या दुकानांचे फोटो दाखवले आहेत, ज्यात आग लागण्याआधीच माल हलवलेला असायचा. परेश आत आल्यावर मी विचारलं, "धोंडा कोणाच्या गळ्यात बांधायचं ठरलं?"

जराही वरमला नाही. "आंटी, तुमचे कान लई शार्प आहेत."

आंटी! पांढऱ्या केसांच्या बाईला निदान मावशी म्हण.

९ डिसेंबर, मंगळवार

नवीन टॉवर पाहिला, आमच्याच बाजूला. विकत घ्यायचा. दाखवायला म्हणून एक फ्लॅट सजवून ठेवलेला. वसुधा विरघळली — "वहिनी, किती मोठी बेडरूम!"

मला काहीतरी खटकत होतं. चपला काढल्या आणि पलंगावर आडवी झाले. पाय घोट्यापासून बाहेर! माझी उंची काही ताडासारखी नाही. मग परेशला झोपायला लावलं. त्याचे गुडघे बाहेर आले. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच मुद्दाम आखूड करून घेतला होता. कपाटही असंच — आतून इतकं उथळ की हँगर आडवा राहतच नव्हता.

"सँपल आहे ना आंटी," परेश आडवा असतानाच म्हणाला.

"कशाचं? बुटक्यांचं?"

वसुधा इतकी हसली की तिथल्या कोऱ्या सोफ्यावर बसावं लागलं. तोही आखूडच. फ्लॅट बाद.

१० डिसेंबर, बुधवार

नंदकुमार जेवताना म्हणे, "प्रत्येक घरात तूच खोट काढतेस. तुला तिला जाऊ द्यायचंच नाहीये."

काहीतरीच! मला माझी खोली हवी आहे. पण आखूड पलंगाला लांब म्हणायचं मला शिकवलेलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

स्वस्त आहे म्हणून माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, जाऊन आलो. का स्वस्त आहे ते नाकाने सांगितलं.

१३ डिसेंबर, शनिवार

आज वसुधाचा नवरा देवव्रत फोनवर दिसला. एरवी तो येत नाही. मुंबईची धूळ सोसत नाही त्याला. आज मात्र चेहरा फुललेला.

"घेऊन टाक घर! विकतच घे. स्वतःचं घर असलं की मीही येत जाईन दर वर्षी. दुसऱ्याच्या घरी संकोच वाटतो गं, आपल्या घरात कसं, सातला नाश्ता, कमी मिठाचं जेवण, शर्टांना इस्त्री… आणि माझा भाऊ-भावजयही येतील की राहायला!"

वसुधाचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोन ठेवल्यावर मटार सोलायला घेतले. मग म्हणाली, "वहिनी, मी इकडे का येते ठाऊक आहे? इथे मला कुकर लावावा लागत नाही."

"ठाऊक आहे. तो मी लावते."

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. हातातली शेंग तशीच धरून बसली.

१४ डिसेंबर, रविवार

आज मी भांडले. रीतसर, पूर्ण वाक्यांत. कॉन्व्हेंटात मराठी बोलायला बंदी होती, म्हणून असेल, माझं मराठी फक्त रागातच अस्खलित असतं.

सुरुवात साधी होती. वसुधा म्हणाली, विकत घेणं रद्द. "विकत घेतलं की त्या घराचं सासर होणार, वहिनी. मला सुट्टी हवी आहे, दुसरं स्वयंपाकघर नको." हे मला पटलं. तिने एवढ्या वर्षांत केलेलं पहिलं शहाणं विधान. म्हणून मी म्हटलं, "मग भाड्याने बघ."

तर नंदकुमार! पेपर खाली न ठेवता — "अगं, भाडं तरी कशाला भरतेस? हे तुझं माहेर आहे. हक्काचं. बायकांना माहेर हवंच."

बायकांना!

मी हातातली पळी खाली ठेवली. म्हटलं, "आणि माझं माहेर कुठे आहे?"

"म्हणजे? हे तुझं घरच आहे की."

"घर म्हणजे माहेर नव्हे. माहेरी आयतं ताट मिळतं. दुपारी लोळलं तर कोणी बरं नाही का म्हणून विचारत नाही. मी आईबापांची एकुलती एक. बाबा गेले, गिरगावच्या दोन खोल्या घरमालकाला परत दिल्या, त्या दिवशी माझं माहेर संपलं. दर वर्षी तुझ्या बहिणीचं माहेरपण मी करते. हौसेनेही करते कधीकधी. पण मला कोणी शेवटचं ताट वाढून दिलं ते सांगू? इस्पितळात. पित्ताशय काढलं तेव्हा. भोपळ्याची भाजी होती, बिनमिठाची. आणि मला ती आवडली होती, नंदकुमार! भोपळा! मला!"

पेपर खाली आला.

मग मी पळी उचलली, कारण आमटी उतू चालली होती. असं आहे. भांडायलासुद्धा गॅस बारीक करून यावं लागतं.

१५ डिसेंबर, सोमवार

दोघंही माझ्याशी जपून बोलतायत. नंदकुमारने चहाचा कप स्वतः विसळला. फुटला.

२० डिसेंबर, शनिवार

वर्सोव्याला गेलो. परेशला न सांगता — वसुधाने आपल्या कोणा मैत्रिणीकडून पत्ता काढला होता. कोळीवाड्यात, खाडीला लागून घर. खाली सोनूबाई राहतात, मासळीचा धंदा. वरची खोली भाड्याने देतात. खोली, मोरी, दोन खुर्च्यांची गॅलरी. गॅलरीतून होड्या, मढला जाणारी फेरी, आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वास आहे. पण तो लपवलेला नाही. मला न लपवलेल्या गोष्टी चालतात.

सोनूबाईंनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ऱ्हाणार कोण दोघींतली?"

"ठरवतोय," वसुधा म्हणाली. यात ठरवायचं काय? पण हिला सरळ उत्तर कधी देता आलंय!

"जेवण मी देते वर. दोन टायम. मासं नको असंल तं आधी सांगायचं. सांगितलं नाय तं मासंच."

मी गॅलरीत उभी होते. सोनूबाई मागून म्हणाल्या, "बस गो बाय. बसायला भारं नाय परत." म्हणजे, नुसतं बसायला भाडं पडत नाही.

बसले. किती वेळ ते कळलं नाही. समोर एक बाई जाळं उलगडत होती आणि होडीतल्या माणसाला मनसोक्त शिव्या देत होती. फार बरं वाटलं.

आत वसुधाचं सुरूच — "वहिनी, गादी कडक आहे का बघ. पंखा वाजतो का? उशी कशी वाटते?" माझं मत घेतल्याशिवाय हिला उशीसुद्धा निवडता येत नाही! गादी ठीक, पंखा वाजतो, उशी बदला, असा रोखठोक अहवाल दिला. सोनूबाई म्हणाल्या, "ही बाय बरी आहे. तोंडावर बोलते."

२३ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. वसुधाने वर्सोव्याची खोली भाड्याने घेतली, जानेवारी-फेब्रुवारी. परेशचा फोन — "आंटी, कोळीवाडा? सी-फेसिंग मीच दिला असता ना!" त्याला म्हटलं, आधी लांब पलंग आण.

म्हणजे माझी खोली परत मिळणार. आनंद झाला पाहिजे. झालाच आहे. फक्त वसुधाच्या आवडीचं लोणचं घातलंय ते आता कोण संपवणार, एवढाच प्रश्न. बरणी मोठी आहे.

२८ डिसेंबर, रविवार

नंदकुमारने विचारलं, "डाळीला किती शिट्ट्या?"

मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

२ जानेवारी, शुक्रवार

वसुधा माझी निळी बॅग मागते! स्वतःच्या तीन असताना! "तुझी हलकी आहे गं वहिनी." दिली. जाता जाता तरी भांडण नको.

वर आणखी विचारते, दादाच्या साखरेच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर? भावाची एवढी काळजी, तर इथेच राहायचं होतं. म्हणजे — राहा असं मी म्हणत नाहीये. उद्या तिला पोचवायला मी जाणार आहे. मुळीच वाईट वाटणार नाही.

खाली भाजीवाल्याशी विनाकारण भांडून आले.

वर्सोवा. तारीख बघितलेली नाही

बॅग वसुधाने वर आणली. पलंगावर ठेवली. चपला काढल्याच नाहीत.

"ही तुझी. कपडे मी भरलेत. खोलीही तुझीच, फेब्रुवारी संपेपर्यंत. मी दादाकडे आहे — मला तिथेच बरं वाटतं."

"आणि स्वयंपाक?"

"दादा शिकलाय. थोडाफार. अगं वहिनी, माहेरपण भावाने करायचं असतं. तू का करत बसलीस इतकी वर्षं?"

आणि रिक्षात बसून चालती झाली! कपड्यांत दोन साड्या भलत्याच. मला न विचारता, माझ्या पाठीमागे, नवऱ्याला फितवून, माझ्याच बॅगेत मला भरलं!

खालून ताट आलं. सुरमई. मी सांगितलं नव्हतं, म्हणून मासंच. बसून जेवले. सगळं गरम होतं.

मी भयंकर संतापले आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत संतापलेलीच राहणार आहे.