पाटीवर न मावलेला शब्द

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली लोक हे चारपाच आद्याक्षरांत उरकतात. मला ते जमत नाही. नमस्कार करायचा तर पुरता वाकून करावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला बसला का? मी बरा आहे. बसलो की मान दुखते, उठलो की पाठ दुखते, पण दोन्ही अजून जागच्या जागी आहेत.

तुमचा निरोप मिळाला. मी मुकाट्याने माफीनाम्यावर सही करावी, नाहीतर माझी नोकरी जाईल आणि माझ्या धाकट्या बहिणीसाठी तुम्ही आमच्या सुपरवायझरकडे शब्द टाकून मिळवलेली जागाही जाईल, असे तुम्ही म्हणता. सुपरवायझर तुमचा जुना दोस्त, तेव्हा त्याच्या बाजूची हकिकत तुम्हाला कळलीच आहे. आता माझ्या बाजूची वाचा.

आम्ही शिवलेले शर्ट ज्या परदेशी कंपनीला जातात, तिची माणसे तपासणीला यायची होती. आदल्या दिवशी कारखान्याला एकदम माणुसकीचा ताप चढला. बंद पंखे फिरू लागले. संडासाला कडी आली, साबण आला. (पाहुणे गेल्यावर स्टोअरवाल्याने तो साबण ओलाच मोजून परत नेला.) माझे अक्षर चांगले आणि शुद्धलेखन बिनचूक, म्हणून मला कॉलरच्या मशीनवरून उठवून पाटी रंगवायला बसवले. मजकूर असा: 'येथे कोणाकडूनही सक्तीने जादा काम करून घेतले जात नाही.' मी फळी पट्टीने मापली, पेन्सिलने रेघा मारल्या, सगळे शब्द नीट बसवले. 'जात'पर्यंत रंगवून झाले आणि सुपरवायझर येऊन म्हणाला की उजव्या बाजूला कारखान्याचे चिन्ह पाहिजे, चांगले मोठे. चिन्ह काढले आणि जागा संपली. मी म्हणालो, "साहेब, एक शब्द राहतोय." तो म्हणाला, "एका शब्दानं काय अडतंय? पाहुण्यांना कुठं वाचता येतंय? टांग." मी टांगली. पाहुण्यांनी खाली उभे राहून हसतमुखाने फोटो काढून घेतले. दुभाष्याने पाटी वाचून दाखवली, त्यातले 'नाही' त्याने पदरचे घातले.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि फाटकाला कुलूप लागले. माल जायचा होता, तो संपेपर्यंत कोणी हलायचे नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर एक ताई आहेत, त्यांचे मूल अजून अंगावर पिते. त्या घरी जाऊ द्या म्हणून विनवायला गेल्या, तर सुपरवायझरने पाटीकडे बोट दाखवले, "वर काय लिहिलंय? वाचता येत नाही?" त्यांना खरेच येत नाही. परत येऊन त्यांनी मला विचारले, काय लिहिलंय रे? मी होते तसे वाचून दाखवले. सगळी रांग हसली, त्याही हसल्या. मग दुधाने भिजलेल्या कपड्यावर रुमाल दाबला आणि पुढचा शर्ट ओढला. त्या कामाचे पैसे अजून आलेले नाहीत. शर्टाला किमतीची चिठ्ठी मात्र लगेच लागली. (ती उलटी धरून अडकवायची असा हुकूम आहे. किंमत आम्हाला दिसली तर आम्ही दमतो, असे असावे.)

पुढचे तुम्हाला माहीत आहे. तो फोटो तिकडे छापला गेला आणि तिकडे आपली भाषा वाचणारा कोणीतरी निघाला. मॅनेजरसाहेबांना फोन आला, साहेब सुपरवायझरवर घसरले, सुपरवायझर माझ्यावर. माफीनाम्यात लिहिले आहे की मी 'खोडसालपणे' शब्द गाळून 'खोटी' पाटी लावली. ('ळ'च्या जागी 'ल' त्यांचा आहे.) मामा, मी दाराची कडी तीनदा तपासून झोपणारा माणूस. चुकलो म्हणायला मी कायम तयार असतो, पुष्कळदा न चुकताही म्हणतो. पण खोटी? 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असे लिहिलेले आमच्याकडचे दार बाहेरून खिळे ठोकून बंद केले आहे. ती पाटी खरी आणि माझी खोटी? सही मिळणार नाही. आणि हे सगळे ठाऊक असून तुम्ही धाकटीला तिथे बसवायला निघालात, याचा मला भयंकर राग आला आहे. तुमच्यावर रागावण्याची ही पहिलीच वेळ, पद्धत नीट माहीत नाही. चूकभूल माफ असावी.

आपला आज्ञाधारक (हे पत्र सोडून)
भाचा

ताजा कलम: पाकिटाला डिंक लावतो आहे तोच धाकटी दारात. हातात बोचके आणि तुमची चिठ्ठी. म्हणजे माझ्या उत्तराची तुम्ही वाटच पाहिली नाहीत. मी तिला हे पत्र वाचायला दिले. म्हणाली, "दादा, अक्षर छान आहे. सही कर." एवढे वाचूनही, असे मी विचारले. "आत राहिलास तर भांडता तरी येईल. बाहेर बसून काय करशील, मामाला पत्रं लिहिशील." मी सही केली.

आणखी एक: पत्र टाकायचे राहिले ते बरेच झाले. आज धाकटीचा कारखान्यातला पहिला दिवस. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, पण जादा कामाचे पैसे हातात पडल्याशिवाय मशीनला पाय लावायचा नाही म्हणून आधी धाकटी आणि तिच्या मागोमाग आमची सगळी रांग हाताची घडी घालून बसली आहे. मीही बसलो आहे आणि हे गुडघ्यावर धरून लिहितो आहे. मामा, कळकळीची विनंती एकच. तिच्या अर्जावर जामीन म्हणून तुमची सही आहे, ती आजच्या आज काढून घ्या. माझ्या अर्जावरची राहू द्या, माझी हमी कोणीही द्यावी. तिची देऊ नका.