बसा बाई, पाणी येतंय

ईट,
१७ एप्रिल १९८२

प्रिय अयोध्या,

तुझं कार्ड काल आलं. मंगळवारपासून तुझी लेक छबी पाण्याचा घोट गिळेना, डॉक्टरांनीही हात टेकले, हे वाचून लगेच पत्र लिहायला बसले. अशा वेळी 'काळजी करू नको' लिहायची रीत आहे. मी लिहिणार न्हाय. मेल्या रीतीनंच आपला घात केलाय.

त्र्याहत्तरचा दुष्काळातला उन्हाळा आठव. तू बारा वर्षांची, सुट्टीला माझ्याकडं आली होतीस. भर दुपारी खडीच्या कामावरून एक बाई ओसरीला आली. कडेवर तान्ही लेक, तिचे ओठ फुटलेले. बाई म्हणाली, घोटभर पाणी द्या. घरात अर्धी घागर होती, तीही सासूबाईंसाठी राखलेली. तू तांब्या उचललास आणि मी तुझं मनगट धरलं. व्हय, धरलं! पण दारी आलेल्याला न्हाय म्हणू नये, ही आपल्या आईची शिकवण. मग मी काय केलं, तर पोतं अंथरलं, गोड हसले आणि म्हटलं, बसा बाई, टँकर येईलच आता.

तीही वळणाची निघाली. दुसऱ्यांदा मागितलं न्हाय. बसा म्हटलं म्हणून दोन तास बसून राहिली. मी तोंडावर न्हाय म्हटलं असतं तर पलीकडं खातूनबीच्या दारी तरी गेली असती. तिचा रांजण भरलेला होता, हे मला ठाऊक होतं गं. टँकर आला, आपण दोघी घागरी घेऊन धावलो, परत येतो तर ओसरी रिकामी. पोत्याची चौपदरी घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली. दिवस मावळायच्या आत त्या मायलेकी वाशीच्या रस्त्याला मैलाच्या दगडाशी मेलेल्या सापडल्या. तुला मी सांगितलं, त्या गावाला गेल्या.

पुढचं कुणालाच सांगितलं न्हाय. सोसायटीला दूध घालून, रानातनं दुपारी घरी येते तर पोतं ओसरीत अंथरलेलं असतं. माणूस दिसत न्हाय. पोत्याला हात लावावा तर उबदार लागतं. संध्याकाळी पुन्हा घडी घालून कोपऱ्यात. नऊ वर्षं झाली. मी भरला तांब्या ठेवते, घ्या घ्या म्हणते, हात जोडते. थेंब कमी होत न्हाय. ज्या हातानं तुला अडवलं, त्या हातचं तिला नको असावं.

गेल्या सोमवारी पहिल्यांदा आवाज आला. अगदी अदबीनं विचारलं, तुमची धाकटी बहीण कुठं दिलीय? पाहुणी विचारतेय तर सांगावं, म्हणून माझं मेलीचं तोंड उघडलं. वाशीला, पेठेत, पिठाच्या गिरणीमागं, असं सगळं सांगून बसले. तेव्हापासून पोत्याची घडी मोडलेली न्हाय. आणि कार्डाच्या कोपऱ्यात तू सहज लिहितेस, दुपारी पायरीवर कुणीतरी बाई लेकरू घेऊन बसते, काही मागत न्हाय, तूही तिला बसा बाई म्हणतेस. अगं, बसा म्हणू नको! नाव विचारू नको, गाव विचारू नको. हे पत्र हातात पडताच उठ, तांब्या भर आणि आधी तिच्या लेकीला पाज, तुझ्या हातानं. मग तिला दे. मगच छबीच्या ओठाला लाव.

तुझीच,
चांगुणाअक्का