कुकरच्या शिट्टीनंतर

जुनवानी, भिलाई

प्रिय दादा,

जय भीम. इतकं लांब मराठीत लिहायची सवय मोडली आहे, मधे हिंदी घुसली तर सांभाळून घे. इकडे सगळं छान आहे. आईचे गुडघे बरे आहेत, आणि माझं नवं गाणं रायपूरच्या एका डीजेने घेतलं. ते पूर्ण झालं बाबांमुळे. हसू नको, खरंच.

गाण्यात रंभामावशीचा आवाज आहे आणि खाली दणदणीत ठोका. दोघं एकमेकांवर चढू नयेत म्हणून मिक्सिंग करताना आम्ही कॉम्प्रेसर लावतो. ठोका पडला की कॉम्प्रेसर गाणाऱ्याचा आवाज क्षणभर दाबतो आणि सोडतो. पण माझी मावशी ठोक्याखाली गेली की वर येतच नव्हती. डीजे म्हणाला, "गानेवाली कहाँ गई?" चार दिवस मी दाब कमी-जास्त करत बसले. काही उपयोग नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी एकदाचं कानाचं मशीन घेतलं. रोलिंग मिलच्या तेहतीस वर्षांत त्यांचे कान किती गेले ते तुला माहीतच आहे. पहिल्या दिवशी ते अंगणात चिमण्या ऐकत बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना मशीन काढून डबीत ठेवलं. आई चिडली, "आता कावून काढलं?"

"कुकरची शिट्टी झाली का तुमी सारे मुके होता," बाबा म्हणाले. "तोंड हलून राहिलं दिसते, आवाज येत नाही. मंग हळूहळू येते."

मी जेवण तसंच टाकून उठले. मशीनही मोठा आवाज दाबतं, पण दाबलेलं सोडायला ते फार वेळ घेत होतं. माझ्या गाण्यातही हेच चाललं होतं! किती दाबायचं एवढंच मी बघत होते. सुटायच्या आत पुढचा ठोका पडत होता. सोडायचा वेळ निम्म्याहून कमी केला आणि मावशी दर ठोक्यानंतर स्वच्छ ऐकू यायला लागली. मी एकटीच खोलीत नाचले.

दुसऱ्या दिवशी बाबांना मोहन नगरला मशीनवाल्या मॅडमकडे नेलं. मी नेमकं काय बदलायचं ते सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही याच लाइनमध्ये आहात का?" मी बोलायच्या आत बाबा म्हणाले, "माही पोरगी डीजेचे गाने बनवते." दादा, आजवर ते सगळ्यांना "कम्प्युटरचं काम करते" एवढंच सांगायचे.

मॅडमनी मशीन तसं बदलून दिलं. घरी आल्यावर आईने मुद्दाम कुकर लावला. शिट्टी झाली आणि ती लगेच हळूच म्हणाली, "चहा घेता का?"

"घेतो. साखर चांगली टाक."

हे मी फोनवरही सांगू शकले असते. पण जानेवारीत तू बाबांना एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगितलीस, मग "जाऊ द्या बाबा" म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून तू माझ्याच नंबरवर फोन करतोस आणि त्यांची खुशाली मला विचारतोस. त्यांच्या ते लक्षात आलं आहे. परवा त्यांनी मोबाइलमध्ये तुझा नंबर काढला, बराच वेळ बघितला, आणि "त्याले काम असन" म्हणून मोबाइल खाली ठेवला. रविवारी सकाळी त्यांना फोन कर. ओरडू नकोस, साधं बोल.

तुझीच,
टीना