बाईंची हाक

४ जून
आलो एकदाचे! शाळेमागची दोन खोल्यांची जागा मिळाली. नळाला पाणी, खिडकीला गज, समोर मोकळं अंगण, आणखी काय हवं? बारकी अंगणात इतकी हुंदडली की जेवता जेवताच पेंगली. आम्ही मायलेकी दोघीच, तरी घर भरल्यासारखं वाटलं. उद्यापासून चौथीचा वर्ग माझ्याकडे.

९ जून
वर्गात एक वल्ली आहे. मुलं तिला 'टेप' म्हणतात. तिला छंद एकच, दुसऱ्यांचे आवाज काढायचा. हजेरीला गैरहजर मुलांच्या आवाजात 'हजर' म्हणते; मी चक्क फसले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, या कार्टीने शाळा डोक्यावर घेतलीय, पालक तक्रारी करतात, तुम्ही तिला लाडावू नका. मला मात्र हसू आवरेना. पोरीच्या अंगात कला आहे.

१७ जून
तक्रार काय ते आज कळलं. टेपने ज्याचा आवाज हुबेहूब काढला, त्याचा म्हणे कायमचा बसतो. पहिल्या बाकावरचा बडबड्या परवाच्या मधल्या सुट्टीनंतर एक शब्द बोललेला नाही. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. मी म्हटलं, उगाच पोरीवर आळ घेऊ नका. मुलांची भीती मोडावी म्हणून टेपला वर्गासमोर उभं केलं आणि माझा आवाज काढायला सांगितला. तिला जमेना. मग मी धडा वाचून दाखवला, एकेक चूक सुधारून घेतली. शिकवायची खोड, दुसरं काय! शेवटी तिने विचारलं, बाई, तुम्ही बारकीला हाक कशी मारता? मी मारून दाखवली.

१९ जून
घसा बसलाय. फळ्यावर लिहून भागवलं. टेप आली नाही. तिची आई मात्र आमच्या अंगणाच्या फाटकाशी आली होती. तिलाही बोलता येत नाही. बारकीकडे बोट दाखवून नुसती रडत राहिली.

२० जून
आवाज पार गेला. जवळ घेतलं तर बारकी अंग चोरते. म्हणते, तू बोलतच नाहीस, फाटकापलीकडची आई बोलते. मी घाबरलेय. उद्या मिळेल त्या गाडीने निघायचं.

२१ जून
बॅग भरत होते. बारकी अंगणात— बाहेरून माझीच हाक आली. 'बारके, ये गं लवकर.' धावले. दाराला बाहेरून कडी. ताट बडवलं, गज हलवले— कोणी नाही. रविवार.

बारकी मध्येच थांबलीय. एकदा इकडे बघते, एकदा फाटकाकडे.

इथेच मोठ्या अक्षरांत लिहून गजांतून दाखवते—

ती मी नाही

बारकीने मान हलवली. कळत नाही तिला. एकच शब्द वाचता येतो—

आई

वाचला. मोठ्याने वाचला. हसली. आणि फाटकाकडे बोट दाखवून ती