सुधाचं वल्हं

अमरावती, रविवार संध्याकाळ

गुडघा ठणकून राहिला आहे, पण मी मजेत आहे. लग्नाला तीस वर्षं झाली आणि सुधा आज पहिल्यांदा माझ्यासोबत होडीत बसली. पाण्याची भीती वाटते तिला. वडाळीच्या तलावावर स्वतःच म्हणाली, "चला, बसून पाहू."

होडीवाल्यानं मला जाकीट दिलं. सुधा म्हणाली, "अरे, हे ऑलिम्पिकमंदी होडी चालवून आले."

"असन. जाकीट घाला. मंग कितवे आले होते?"

सगळं गाव मला हेच विचारतं. शेवटून दुसरा, म्हणालो.

सवयीनं एका गुडघ्यावर बसलो आणि एकाच बाजूनं वल्हवू लागलो. माझी शर्यतीची कॅनो तशीच सरळ जायची. ही रुंद होडी गोल गोल फिरायला लागली. इतकं साधं कसं नाही सुचलं मला?

"पूजेले बसल्यावानी काय बसले?" म्हणत सुधानं दुसऱ्या बाजूचं वल्हं उचललं. भीती विसरली की काय, कोण जाणे. होडी सरळ निघाली.

काठाला लागताना तिनं विचारलं, "आज कितवे आलो आपण?"

तलावात दुसरी होडीच नव्हती.

"पहिले," म्हणालो.