प्रतिक्षाचे खरे आणि बनवलेले फोटो

मी, धुरपता आनंदराव खोब्रागडे, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहिते. शाळा फारशी झाली नाही. विहाराच्या कपाटातली पुस्तके वाचून शिकले, तेव्हा भाषा कायद्याची नसली तरी इच्छा माझीच समजावी.

१. माझ्या नावावरचे घर व खालचा स्टुडिओ मुलगा विनोद याला मिळावा. बँकेतील ठेवीतून मी गेल्यावर माझे पुण्यानुमोदन साधेपणाने करावे. उरेल ते नात मोना हिच्या शिक्षणाला.

२. कॅमेरे, दिवे व प्रिंटर रिताला द्यावेत. ती आमच्याकडे अल्बम लावता लावता शिकली, आता गावाचे फोटो तीच काढते. विनोदने हरकत घेऊ नये. त्याला कॅमेरा कधी आवडला नाही, यात त्याचा दोष नाही.

३. संगणक व त्यातल्या फोटोंबद्दल जरा सविस्तर लिहिते. माझे पती लग्नाचे फोटो, दुकानांचे फलक, बियाण्यांच्या जाहिराती करत. पण लोक लांबून येत ते जोडकामासाठी. कोणाचा बाप लग्नाआधी गेला असेल, तर ते त्याला मांडवात उभा करत. मतदार कार्डावरच्या चेहऱ्याला कोट चढवत. माणसे तो फोटो छातीशी धरून जात.

आमची प्रतिक्षा नऊ वर्षांची असताना तापाने गेली. दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो काढता काढता घरची पोरगी राहून गेली होती. जवळून काढलेला एकच होता, चौथीच्या स्कॉलरशिपसाठी, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले. पुढे संगणक घेतल्यावर यांनी पहिले काम तेच केले. विनोदच्या फोटोतले डोळे तिला बसवले. भिंतीवर आजही तोच आहे. मग ती असती तर केवढी असती, तेवढी तिला दरवर्षी करू लागले. माझे नाक, तिच्या आत्याची हनुवटी. आधी कॉलेजची ओढणी, मग शालू. "पाह्य ना धुरपता, कशी दिसून राहिली," म्हणत. मी बघत असे. त्यांच्याजवळ तेवढेच उरले होते.

४. दीर कृष्णराव यांना माझ्या वस्तूंपैकी काहीही देऊ नये. हे गेल्यावर त्यांनी शालूतला फोटो नेऊन आपल्या कापड दुकानाच्या फलकावर लावला. मी साकोलीला बसमधून उतरले तर समोर माझी पोरगी, खाली साडीचा भाव. विचारले तर म्हणतात, "वैनी, चेहरा चांगला वाटला, लावला. कोनती खरी पोरगी आहे ते?" फलक त्यांनी उतरवला. ते बोलणे उतरले नाही, कारण त्यात खोटे काही नव्हते.

५. या उन्हाळ्यात मोनाने संगणकावर शालूतला फोटो पाहून विचारले, "आजी, आत्याचं लगन कोन्या गावी झालं?"
"झालं नाही माय."
"मंग हा फोटो कायचा आहे?"
विनोद म्हणाला, "आई, आता मोबाईलात फोटो बोलते करता येते. ताईले बोलवू का?"
मी म्हटले, "आवाज कोनाचा लावशीन रे?"
त्याने मोबाईल खाली ठेवला. ती गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, त्याला आठवत नाही. आठवते ते फक्त मला. मी गेले की बनवलेलीच उरेल, ही माझी भीती आहे.

६. ते फोटो पुसायला मी बसले होते. जमले नाही. आनंदराव लोकांदेखत कधी रडले नाहीत. त्यांचे रडणे त्या फोटोंत आहे. विनोदने संगणकासह ते जपावेत, पण प्रत्येकाखाली लिहावे: "हे चित्र बापाने बनवले. प्रतिक्षा नऊ वर्षे जगली." बोलते करू नयेत, कोणाला देऊ नयेत. भिंतीवर मात्र मिटल्या डोळ्यांचा लावावा. मूळ निगेटिव्ह माझ्या पेटीत आहे. फ्लॅशला घाबरून ती डोळे मिटायची आणि स्वतःच हसायची. ते हसू त्यात आलेले आहे.

७. आपल्याकडे दोघेही गेले की नवरा-बायकोला एका फोटोत बसवतात. आमचे तसे करू नये. हे, मी आणि ती, तीन वेगळ्या चौकटी लावाव्या. मधली भिंत दिसू द्यावी.

वाचून पाहिले, बरोबर आहे. साक्षीदारांसमोर सही केली.

सही: धुरपता आनंदराव खोब्रागडे

साक्षीदार:
१. गोपीचंद लांजेवार, सानगडी
२. निर्मलाबाई रामटेके, सानगडी

ठिकाण: सानगडी
दिनांक: २ डिसेंबर २०२५