फोन बंद, तरी दिवा लुकलुकत होता

माय, त्या सकाळी तू अंगण झाडलंस, सडा टाकलास, गोठ्यातलं शेण काढलंस आणि गवऱ्या आणायला मागं गेलीस ती रिकामी पाटी घेऊनच परत आलीस. चूल थंड होती. मी खापर घेऊन शेजारच्या काकूकडं विस्तव मागायला निघाले होते. तू माझा दंड धरलास. "तिच्या दारात पाय ठेवायचा न्हाई. आपल्या गवऱ्या तिच्या ढिगात हायेत." मी विचारलं, कशावरून? तू म्हणालीस, "माझी बोटं मी ओळखत न्हाई का?" गवरी थापताना बोटं उमटतात, तीच तू तिच्या ढिगात ओळखली होतीस. त्या दिवसापासून आपल्या घरात काडेपेटी आली आणि विस्तव मागणं बंद झालं. गवऱ्या कुणी नेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. तू गेलीस तेव्हा काकू आली, पण घरात आली नाही. उंबऱ्याबाहेर पदर तोंडाला लावून बसून राहिली. तिला आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण सांगते. बदनापूरच्या माझ्या घरात इंटरनेट आहे. भिंतीवर एक पांढरा डबा असतो, त्यावर हिरवे दिवे असतात, आणि त्याच्या जोरावर पुण्याची माझी लेक फोनमध्ये दिसते, बोलते. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी वाचायला शिकले ते तू पाहिलंयस. आता पुस्तकंही त्या फोनवरच वाचते. हे, तुझे जावई, गेल्यापासून घरात आवाज असा तेवढाच. तर हे इंटरनेट मध्येच जायला लागलं. आणि जायचं ते नेमकं नळाला पाणी आलं की. इकडं पाणी रोज येत नाही. आलं की गल्लीभर पळापळ. मी मोटार लावते, टाकी भरते, तोवर लेकीचा फोन येतो आणि तिचं तोंड उघडं राहून चित्र थिजतं. त्याच वेळी शेजारणीची पोरगी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला चढलेली असते, कानाला फोन लावून.

त्या पोरीला परीक्षेपुरता मी पासवर्ड दिला होता. परीक्षा झाल्यावर ती स्वतः येऊन सांगून गेली, "मावशी, मी काढून टाकला बघा." मी हो म्हणाले. पण मनात किडा शिरला. एका दुपारी मी माझा फोन पूर्ण बंद केला आणि डब्यासमोर खुर्ची टाकून बसले. दिवा लुकलुकतच होता. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, फोन बंद, मंग कोण वापरून राह्यलं? माय, मला बिलकुल शंका उरली नाही. तुझी बोटं मला त्या दिव्यात दिसली.

लेकीला विचारून मी पासवर्ड बदलला. तोंडानं काही बोलले नाही, पण दुसरं वाईट केलं. शेजारीण जवसाची चटणी केली की वाटीभर देते. यांच्या आजारपणात हीच बाई दवाखान्यात डबे घेऊन आली, हे गेले तेव्हा माझ्याजवळ भिंतीला टेकून झोपली. तिची वाटी मी धुऊन, रिकामी परत दिली. तिनं वाटीत पाहिलं, मग माझ्याकडं. "ताई, घरात साखरबी संपली का?" हसून म्हणाली. मी म्हणाले, "संपली. लोक न सांगता नेतात." ती हसायची थांबली. पोरगी त्यानंतर आली नाही.

पुन्हा नळ आला आणि पुन्हा इंटरनेट गेलं. आता पासवर्ड तर बदललेला! तरी मला काय वाटावं? पोरीनं खिडकीतून पाहिला असेल. मी खिडकीचा पडदा सुद्धा ओढून घेतला. शेवटी नेटवाल्याला बोलावलं. त्यानं डबा पाहिला, तार पाहिली, वायर धरून मोटारीच्या बोर्डापर्यंत गेला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, दोन्ही एकाच बोर्डावर लावले का? मोटारीनं वीज वढली की हे बिचारं बंद पडून पुन्हा सुरू व्हायला बसतं." त्यानं डबा दुसऱ्या बोर्डावर लावला, मोटार सुरू केली. दिवे हलले नाहीत.

"पण माझा फोन बंद होता तरी दिवा लुकलुकत होता," मी म्हणाले. त्याला सोडायला मी तयार नव्हते.

"मंग घरात दुसरा फोन असंल."

"न्हाई."

"नीट बघा. दिवा खोटं कशाला बोलंल?"

तो चहा पिऊन गेला. मी पाठ वळवली तर समोर यांचा फोटो, आणि फोटोखाली यांचा फोन. रोज पुसते, रोज चार्जिंगला लावते. यांच्या मित्रांचे सकाळचे नमस्कार त्यावर अजून येतात, टिंग वाजतं, मी ते उघडत नाही, नुसतं ऐकते. पासवर्ड बदलल्यापासून ते वाजलं नव्हतं. मला वाटलं, मित्रही विसरले. माय, त्यांच्यावरही मी संशय घेतला. आणि या फोनला मी घरातला फोन म्हणून धरलंच नव्हतं. नेटवाल्याला न्हाई म्हणाले, ते खोटं नव्हतं गं.

नवा पासवर्ड त्या फोनमध्ये टाकला. अडकलेले सगळे नमस्कार एकदम आले. टिंग टिंग टिंग. 

तुझ्याशी भांडायला हे लिहीत नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागद पाठवायचा तरी कुठं? ज्वारीच्या डब्याखाली ठेवीन. एवढंच सांगते की सगळं कळून सुद्धा काल संध्याकाळी दिवा लुकलुकला, तर माझी नजर आधी त्यांच्या गच्चीकडं गेली. मी तुझीच लेक. तू नसतीस गेली काकूकडं, हे मला माहीत आहे. मीही रात्रभर ठरवत होते, शेजारणीकडं जावं का न जावं.

आज सकाळी मी माझी रिकामी वाटी घेऊन शेजारी गेले आणि विरजण मागितलं.